जुनी पिक्चर पोस्टकार्डं पुस्तकात छापताना: हक्क आणि परवानग्यांचं काम कसं करावं

सातारा-सांगली भागातल्या गावांचे, घराण्यांचे, शाळांचे इतिहास आता मोठ्या संख्येने लिहिले जात आहेत आणि त्यांत जुनी पिक्चर पोस्टकार्डं छापावीत असं लेखकांना वाटतं. वाटायलाच हवं. महाबळेश्वरचे पॉइंट आणि पाचगणीचं टेबललँड ही तर पोस्टकार्ड छापणाऱ्यांची आवडती ठिकाणं. पण कार्ड हाती आलं की पहिल्यांदाच पुस्तक करणारा माणूस दोनांपैकी एका बाजूला जातो. एक तर ‘कार्ड मी पैसे देऊन घेतलंय, म्हणजे चित्र माझं’ असं धरून चालतो, नाहीतर कॉपीराइट या शब्दाला घाबरून चांगली चित्रं गाळून टाकतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो. लेख भारतीय कायद्यापुरता आहे. एखाद्या कार्डावरून वाद उभा राहील असं वाटलं, तर ते एक कार्ड वकिलाला दाखवा.

पहिलं काम: कार्डाचे भाग वेगळे करा

कार्डाचा कागद ज्याच्याकडे आहे तो कागदाचा मालक. त्यावरचं चित्र छापण्याचा हक्क वेगळा असतो आणि तो विक्रीबरोबर आपोआप हस्तांतरित होत नाही. शिवाय एका कार्डावर एकच कृती नसते. पुढे छायाचित्र किंवा रेखाटन, त्याखाली ओळ, मागे कुणीतरी कुणाला लिहिलेला मजकूर, तिकीट, प्रकाशकाचं चिन्ह. यातल्या प्रत्येकाचा निर्माता वेगळा आणि हक्काची मुदतही वेगळी असू शकते.

म्हणून प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची बाजू कोरी असली तरी. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) आणि टिफ या फाइल-प्रकारात ठेवा. साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरचं कार्ड पानावर दुपटीने मोठं करायचं झालं तर छपाईला ३०० डीपीआय उरायला हवं. कार्डावर पेनाने काहीही लिहू नका. क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने घाला आणि त्याच क्रमांकाने नोंदवही किंवा एक्सेलचा तक्ता सुरू करा. कार्ड कुणाकडून मिळालं, कधी, चित्राचा प्रकार, छायाचित्रकाराचं किंवा चित्रकाराचं नाव, प्रकाशक, तारखेचा पुरावा, निष्कर्ष, कुणाला पत्र लिहिलं, काय उत्तर आलं, हे रकाने त्यात हवेत. पुढचं सगळं काम या नोंदवहीच्या आधारावर चालतं.

दुसरं काम: तारीख ठरवा, आणि ‘याआधी’चा पुरावा शोधा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. तारखेचे पुरावे दोन जातींचे असतात. काही सांगतात की कार्ड अमुक वर्षानंतरचं आहे, काही सांगतात की अमुक वर्षाआधीचं. हक्क संपला हे दाखवायला दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो, आणि नवखा माणूस नेमका पहिल्यावर समाधान मानतो.

सांगलीच्या कार्डात आयर्विन पूल दिसतो, तर ते १९२९ च्या आधीचं नाही, एवढंच कळतं. ते १९३० चं असेल किंवा १९६५ चंही. चित्राखाली ‘दक्षिण सातारा’ असं छापलं असेल, तर मात्र दोन्ही टोकं हाती येतात: हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. किंमत नव्या पैशांत असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचं. प्रकाशकाच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. कोयना धरण दिसत असेल तर ते उशिराचं कार्ड आहे, सावध राहा.

‘याआधी’चा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे टपालाचा शिक्का. कार्ड १९२६ मध्ये टपालात पडलं असेल, तर त्या दिवसापूर्वी ते छापून विकलं गेलं होतं यात शंका उरत नाही. शिक्का पुसट असेल तर मजकुरावरची तारीख बघा. तीही नसेल तर तिकिटावरचा राजा बघा: सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२. जुनी तिकिटं नंतरही वापरली जात, म्हणून हा पुरावा शिक्क्याइतका पक्का नाही. कार्ड जर्मनीत किंवा सॅक्सनीत छापल्याचा उल्लेख असेल, तर ते बहुधा १९१४ च्या पहिल्या महायुद्धाआधीचं असतं. मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला असेल, तर ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. चित्र कधी काढलं आणि कार्ड कधी प्रकाशित झालं, या दोन वेगळ्या तारखा आहेत. सांगलीच्या कार्डात नदीवर आयर्विन पूल दिसत नाही म्हणून छायाचित्र १९२९ च्या आधीचं, हे बरोबर. पण जुन्या निगेटिव्हवरून प्रकाशक पुढे अनेक वर्षं कार्डं काढत असत, आणि मुदतीचं गणित प्रकाशनावरून चालतं. कोऱ्या कार्डाला दुसरा आधार हवा, उदाहरणार्थ त्याच मालिकेतलं, त्याच क्रमांकाचं, टपालातून गेलेलं दुसरं कार्ड. संग्राहकांची ओळख इथे उपयोगी पडते. आपलं कार्ड दाखवा आणि याच क्रमांकाचं शिक्का असलेलं कुणाकडे आहे का, असं विचारा. लोक मनापासून मदत करतात.

तिसरं काम: मुदतीचं गणित

आजचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याआधी १९१४ चा कायदा होता. १९९२ च्या दुरुस्तीने ५० वर्षांची मुदत ६० वर्षांची झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांचा नियमच बदलला. जुन्या कार्डांसाठी हा शेवटचा बदल महत्त्वाचा आहे.

२०१२ पर्यंत छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिके आणि वर्षं मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९५१ मध्ये प्रकाशित झालेल्या छायाचित्राचा हक्क ३१ डिसेंबर २०११ ला संपला. २१ जून २०१२ ला नवा नियम आला आणि छायाचित्रालाही ‘निर्मात्याची हयात अधिक ६० वर्षं’ ही मुदत लागू झाली. १९५२ मध्ये प्रकाशित झालेल्या छायाचित्राचा हक्क त्या दिवशी जिवंत होता, म्हणून ते नव्या नियमाखाली आलं असं धरून चालणं शहाणपणाचं. तेव्हा १९५१ च्या अखेरीवर एक रेघ ओढा. त्याआधी प्रकाशित झालेली छायाचित्रांची कार्डं भारतात मोकळी आहेत, म्हणजे त्यांचा हक्क संपला आहे. त्यानंतरच्या कार्डांसाठी छायाचित्रकार कोण आणि तो कधी वारला हे शोधा. १९५५ च्या कार्डाला ‘साठ वर्षं होऊन गेली की’ असं म्हणून सोडून देऊ नका.

हे फक्त छायाचित्रांचं. हाताने काढलेल्या चित्राला प्रकाशनाचं वर्ष लागत नाही, चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष लागतं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली. म. वि. धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली. ते १९४४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चित्रांचा हक्क ३१ डिसेंबर २००४ पर्यंत होता. त्याच काळातल्या छायाचित्राचा हक्क त्याच्या कितीतरी आधी संपला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९५१ मध्ये त्यांचं निधन झालं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली चित्रं २०११ च्या अखेरीस मोकळी झाली. चित्रकाराचं नाव न देता छापलेल्या चित्राला प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात. नाव त्या मुदतीत उघड झालं असेल तर पुन्हा हयात अधिक ६०. छायाचित्रात हाताने रंग भरलेली कार्डं मात्र गोंधळात टाकतात. त्यांत छायाचित्रकार आणि रंग भरणारा अशी दोन माणसं असू शकतात. १९५१ च्या आधीच्या निनावी रंगकामाची मुदतही संपलेली असते, म्हणून फार काळजी नको.

सरकारी प्रकाशनाला, म्हणजे पर्यटन किंवा प्रसिद्धी खात्याने काढलेल्या कार्डांना आणि टपाल तिकिटाच्या चित्रालाही, प्रकाशनानंतर ६० वर्षं. कारखान्याने किंवा संस्थेने पगारी छायाचित्रकाराकडून काढून घेतलेलं चित्र असेल, तर पहिला हक्कधारक सहसा ती संस्था असते. किर्लोस्करवाडीसारख्या औद्योगिक वसाहतीचं १९५१ नंतरचं कार्ड मिळालं, तर पत्र आधी कंपनीला लिहा.

परदेशी कार्डांबद्दल थोडं. भारतात परदेशी कृतीला तिच्या मायदेशातल्या मुदतीपेक्षा जास्त संरक्षण मिळत नाही, त्यामुळे इथे छापून इथेच विकायच्या पुस्तकाला वर सांगितलेलं गणित बहुतेक वेळा पुरतं. ई-बुक जगभर विकणार असाल तर मात्र त्या त्या देशाचा कायदा लागू होतो. ब्रिटनमध्ये निर्मात्याची हयात अधिक ७० वर्षं, अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलशी संबंधित चित्रं अमेरिकेत छापलेली असू शकतात, कारण डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. त्या मिशनचे कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, विचारणा तिथे करता येते. लंडनच्या राफाएल टक अँड सन्स या प्रकाशकांची कार्डं आपल्याकडेही सापडतात, पण त्यांच्या जुन्या नोंदी डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात इमारतीसकट जळाल्या. तिथे छायाचित्रकाराचं नाव मिळण्याची आशा धरू नका.

चौथं काम: मागचा मजकूर

याचा विचार जवळजवळ कुणी करत नाही. समजा, पाचगणीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाने १९२६ मध्ये साताऱ्याला आईला कार्ड लिहिलं. पुढचं छायाचित्र मोकळं आहे. पण मागच्या चार ओळी ही त्या मुलाची अप्रकाशित साहित्यकृती आहे, आणि लेखकाच्या हयातीत प्रकाशित न झालेल्या मजकुराची मुदत तो पहिल्यांदा प्रकाशित होतो तेव्हापासून ६० वर्षं मोजली जाते. म्हणजे शंभर वर्षांनंतरही हक्क वारसांकडे असू शकतो. कार्ड ज्याला आलं त्याच्या नातवाकडे तो नसतो. लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो.

यातून दोन वाटा आहेत. वारस सापडत असतील तर लेखी परवानगी घ्या. आणि कार्ड लोकांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा तत्सम संस्थेत असेल, तर कलम ५२ मध्ये सवलत आहे: अशा ठिकाणी ठेवलेला अप्रकाशित मजकूर प्रकाशनासाठी नकलून घेता येतो. लेखक कोण हे संस्थेला माहीत असेल, तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली असली पाहिजेत. म्हणून मला वाटतं, महत्त्वाचा मजकूर असलेली कार्डं गावच्या सार्वजनिक वाचनालयाला किंवा संग्रहालयाला रीतसर देणगी द्यावीत. कार्ड जपलं जातं आणि पुढच्या अभ्यासकाची वाटही मोकळी होते. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या घराघरांतले किती कागद वाहून गेले ते आपण पाहिलं आहे.

कायदा आड येत नसला तरी आजारपण, पैशाची तंगी, सासर-माहेरची भांडणं असा मजकूर कुटुंबाला विचारल्याशिवाय छापू नका. पत्त्यातलं नाव झाकूनही काम भागतं.

पाचवं काम: पोस्टकार्डाच्या कागदावरचे घरगुती फोटो

जुन्या ट्रंकांमधून ‘पोस्टकार्डं’ म्हणून जे निघतं, त्यात पुष्कळदा पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेले स्टुडिओतले फोटो असतात: नवरा-बायको, मुंजीतला बटू, शाळेचा गट. ही कार्डं बाजारात विकायला छापलेली नव्हती, म्हणून प्रकाशनावरून मोजलेली मुदत इथे धरून चालता येत नाही. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणारा असतो. तेव्हा परवानगी घराकडून घ्या आणि सर्व वारसांकडून घ्या. घरातल्या थोरल्या काकांनी मान डोलावली म्हणजे काम झालं असं नाही. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीही तितक्याच हक्कदार आहेत. स्टुडिओ अजून चालू असेल तर त्यांनाही कळवा आणि श्रेय द्या. निगेटिव्ह किंवा नोंदवही निघाली तर फोटोचं नेमकं वर्षही मिळतं.

सहावं काम: ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांची परवानगी

चित्राचा हक्क संपलेला असला, तरी कार्ड ज्याच्या ताब्यात आहे त्याने स्कॅन द्यायचा की नाही हे तो ठरवतो आणि देताना अटी घालू शकतो. संग्रहालय फी मागेल, श्रेयाचा ठराविक मजकूर मागेल, फक्त एकाच आवृत्तीला परवानगी देईल. सही केली की त्या अटी करार म्हणून बांधतात. म्हणून अर्जात पहिल्यापासून पुनर्मुद्रण आणि ई-बुक यांचाही उल्लेख करा.

इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतिमेबद्दल प्रश्न नेहमी येतो. २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. त्या न्यायाने जुन्या कार्डाच्या हुबेहूब स्कॅनला नवा हक्क मिळणं अवघड दिसतं. तरीही मी असं चित्र उचलून छापू नये असंच सांगेन. एक तर संकेतस्थळाच्या अटी असतात, दुसरं म्हणजे अशी प्रतिमा छपाईला बारीक पडते, आणि तिसरं, ते कार्ड ज्याने वर्षानुवर्षं जपलं त्याला विचारणं हा साधा सभ्यपणा आहे. विचारल्यावर अनेकदा मोठा स्कॅन आणि मागची बाजूही मिळते.

सातवं काम: परवानगी कागदावर घ्या

फोनवरचा होकार पुरत नाही, परवाना लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना हे अंगाशी येतं. पत्र साधं ठेवा:

‘मी (नाव), राहणार (गाव), सोबतच्या यादीतील क्रमांक १ ते ६ ही छायाचित्रे (पुस्तकाचे नाव) या पुस्तकात छापण्यास (लेखक व प्रकाशक) यांना परवानगी देत आहे. ही परवानगी छापील मराठी आवृत्ती, तिची सर्व पुनर्मुद्रणे आणि ई-बुक यांसाठी, सर्व देशांतील विक्रीसाठी, आजपासून २० वर्षे आहे. मुखपृष्ठावर व पुस्तकाच्या जाहिरातीत वापरण्यास परवानगी आहे / नाही. मोबदला: (रक्कम किंवा पुस्तकाच्या प्रती). श्रेय पुढीलप्रमाणे द्यावे: (मजकूर). या छायाचित्रांचा हक्क माझ्याकडे / आम्हा वारसांकडे आहे. मूळ कार्डे स्कॅन करून परत मिळाली आहेत.’

खाली सर्वांच्या सह्या, तारीख, आणि यादीला प्रत्येक चित्राची छोटी प्रत जोडा. ‘मूळ कार्डे परत मिळाली’ ही ओळ गाळू नका. गावात नाती बिघडतात ती हक्कांपेक्षा परत न केलेल्या कार्डांवरून.

आठवं काम: हक्कधारक सापडतच नाही तेव्हा

१९५१ नंतरचं कार्ड, प्रकाशकाचं दुकान बंद, छायाचित्रकाराचं नाव नाही. अशी कार्डं उरतातच. आधी शोध घ्या आणि नोंदवा: कार्डावरच्या पत्त्यावर पत्र, त्या पेठेतल्या जुन्या दुकानदारांकडे चौकशी, छायाचित्रकार संघटनेला विचारणा, स्थानिक वर्तमानपत्रात निवेदन. कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदीत शोधता येतं, पण नोंदणी सक्तीची नसल्याने तिथे नाव नाही म्हणजे हक्क नाही असं ठरत नाही.

कायद्यात यासाठी कलम ३१ अ आहे. हक्कधारक अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात जाणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. पूर्वी कॉपीराइट बोर्डाकडे जाणारा हा अर्ज आता न्यायालयात जातो. पाचशे प्रतींच्या गावइतिहासाला हा खर्च झेपत नाही, हे उघड आहे. म्हणून माझा सल्ला असा: अशा कार्डाशिवाय भागत असेल तर गाळा आणि त्याच जागेचं १९५१ पूर्वीचं कार्ड शोधा. तेच हवं असेल तर प्रकाशकाला धोका स्पष्ट सांगा, निर्णय दोघांनी मिळून घ्या आणि मुखपृष्ठावर मात्र ते कधीही वापरू नका.

नववं काम: श्रेय आणि चित्राशी प्रामाणिकपणा

हक्क संपला तरी नाव द्यायचंच. प्रत्येक चित्राखाली किंवा शेवटच्या यादीत छायाचित्रकार, प्रकाशक, अंदाजे काळ, कुणाचा संग्रह, एवढं हवं. नाव माहीत नसेल तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ असं लिहा. महाबळेश्वरच्या उतारांवर जड कॅमेरा आणि निगेटिव्हच्या काचेच्या पट्ट्या वाहून नेणाऱ्या त्या माणसांची नावं आपण शोधली नाहीत, तर पुढे शोधायला कुणाला धागाच उरणार नाही.

डाग काढणं, उजेड सुधारणं चालतं. चित्र कापलं असेल, कृष्णधवल चित्राला संगणकावर रंग दिला असेल, तर तसं लिहा. निर्मात्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा बदल केला तर कलम ५७ खाली त्याला किंवा त्याच्या वारसांना आक्षेप घेता येतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा आक्षेप कॉपीराइटच्या मुदतीशी बांधलेला नाही.

पुस्तक निघाल्यावर कुणी पुढे आलं तर

‘हा फोटो आमच्या वडिलांचा’ असा फोन आला तर आधी आनंदाने बोला, कारण हरवलेलं नाव सापडतं आहे. मग नोंदवही उघडा. चित्र १९५१ पूर्वी प्रकाशित असल्याचा पुरावा असेल तर तो दाखवा आणि पुढच्या छपाईत नाव घालायचं कबूल करा. हक्क जिवंत असेल तर वारसाचा पुरावा मागा, इतरांना जो मोबदला दिला तोच द्या, परवानगीपत्र करून घ्या. ई-बुकमधलं श्रेय लगेच दुरुस्त करा आणि उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी लावा. हक्क आहे हे ठाऊक नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं हे सिद्ध झालं, तरी कलम ५५ प्रमाणे न्यायालय विक्री थांबवू शकतं आणि नफ्यातला वाटा द्यायला लावू शकतं. म्हणून पहिल्या फोनलाच नीट उत्तर द्या आणि नोंदवही, पत्रं, टपालाच्या पावत्या शेवटची प्रत विकली गेल्यावरही सांभाळून ठेवा.